तिसरीचे एकशे अठ्ठ्याहत्तर तास

१२ मे, सोमवार

सुट्टी लागून आठ दिवस झाले नाहीत आणि मोठ्या बाईंचं बोलावणं! मला वाटलं, वाचनालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे राहिली असेल. गेले तर मुख्याध्यापिकेच्या टेबलावर एकच कागद. तिसरी ‘ब’, गणित, वार्षिक परीक्षा. माझा वर्ग. छत्तीसपैकी एकोणीस नापास. शेजारच्या ‘अ’मध्ये, माझ्या नणंदेच्या वर्गात, दोन.

ती यादी मला पाठ आहे. महिनाभर पोटात घेऊन फिरतेय.

“पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांचं गणित तुमच्या नणंदबाईंकडेच द्यावं म्हणते,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुम्ही चित्रकला घ्या, वाचनालय बघा. मुलांना तुम्ही आवडता हो! पण आवडणं वेगळं.”

मी काय बोलले ते धड आठवत नाही. “एक संधी द्या” असं काहीतरी सिनेमातलं असणार. शेवटी ठरलं ते असं — दोन्ही तुकड्यांचं मिळून वर्षभराचं एकच नियोजन, दहा जूनला टेबलावर. ते बघून त्या ठरवणार. आणि करायचं कुणाबरोबर? वन्संबरोबर! म्हणजे माझा वर्ग ज्यांच्याकडे जायचा, त्यांच्याच मांडीला मांडी लावून.

घरी फक्त नियोजनाचं सांगितलं. बाकीचं गिळलं. सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही दोघी एका टेबलावर? मग मी आपली बाहेरच्या खोलीत बरी.”

१४ मे

वन्सं वरच्या मजल्यावरून खाली आल्या. हातात पोलादी पट्टी, चार रंगांची पेनं आणि तेवीस वर्षांचा अनुभव. शाळेत त्या मला ‘अहो बाई’ म्हणतात, घरी ‘अगं ए’. आज कुठलं वापरावं ते कळेना, म्हणून नुसतं “हं” करून बसल्या. मुलं त्यांना पाठीमागे ताठबाई म्हणतात. मला मणीबाई — पर्समध्ये नेहमी मोजायचे मणी असतात म्हणून.

आधी तास मोजले. वर्षाचे दोनशे सोळा. त्यातून परीक्षा, खेळांचे सामने, आरोग्य तपासणी, बक्षीस समारंभ आणि तो बसवण्यासाठी वाया जाणारा आठवडा — हे सगळं वजा. उरले एकशे अठ्ठ्याहत्तर. धडे चौदा.

वन्सं म्हणाल्या, “पाढे वीसपर्यंत. ऑगस्टच्या आत.”

मी म्हटलं, “संख्याच कळल्या नसतील तर नुसता पोपट होतो मुलांचा.”

“पोपट निदान बोलतो तरी!”

बाहेरच्या खोलीत सासूबाई खुदकन हसल्या. तीनदा चहा झाला. नियोजन — शून्य ओळी.

१५ मे

जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं चिकटवून टेबलाएवढा तक्ता केला. आता टेबल त्याचं. आम्ही जेवतो मांडीवर.

१९ मे

आज मी तयारीनिशी बसले. यंदा तिसरीत येणाऱ्या मुलांचे दुसरीतले पेपर शाळेतून मागून आणले होते. एकाहत्तर मुलं. एकच प्रश्न बघायचा — ‘ऐका आणि लिहा’.

तीनशे चार : बावीस जणांनी ३००४.
सत्तेचाळीस : अठरा जणांनी ७४.
एकोणपन्नास : निम्म्या मुलांनी ५९!

“निष्काळजीपणा,” वन्सं म्हणाल्या.

“नाही वन्सं. ऐकलं तसं लिहिलंय. तीनशे ऐकले, तीनशे लिहिले. चार ऐकले, पुढे चार. सत्तेचाळीसमध्ये आधी सात ऐकू येतात, मग चाळीस. आणि एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, हे आपण त्यांना कधी सांगितलं?”

वन्सं पेपर उलटत राहिल्या. पुन्हा पहिल्यापासून उलटले. मग म्हणाल्या, “मला स्वतःला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी नुसतं पाठ केलं.” वन्संच्या तोंडून इतकं म्हणजे खूप झालं!

तक्त्यावर पहिली ओळ पडली : जून, दुसरा पंधरवडा — एकोणांचा आठवडा. त्यावरही घासाघीस. त्या म्हणाल्या चार तास, मी म्हटलं सात. पाचावर सौदा पटला. भाजीवाली बरी.

२० मे

नवरा तक्त्यावर चहा सांडून कामाला गेला. सप्टेंबर ओला.

२३ मे

कागदावर भांडून उपयोग नाही, मुलंच बोलवू, असं मी म्हटलं. आपल्याच गल्लीतली, तिसरीत येणारी पाच जणं जमली. बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली. बिस्किटांचा पुडा मध्ये.

सुरुवातच भारी झाली. एक गोबरा हात वर करून म्हणाला, “साडेतीन असतं, साडेचार असतं. मग साडेएक का नाही? दीड का?”

वन्सं म्हणाल्या, “दीड म्हणजे दीड!”

“पण का?”

“कारण — दीड!”

सासूबाई पदरात तोंड लपवून आत गेल्या.

मग ती. बारकीशी, कोपऱ्यात बसलेली. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याची धाकटी. गल्लीत तिला टाचणी म्हणतात. वन्संनी सगळ्यांना त्रेसष्टातून अठ्ठावीस वजा करायला सांगितले. बाकीचे हातच्यात अडकले. टाचणीने पेन्सिलही उचलली नाही. “पस्तीस.”

“मांडणी कुठाय?” वन्संचा आवाज एकदम शाळेतला.

“मनात.”

“मनातलं मला दिसत नाही. बोलून दाखव.”

टाचणी घाबरली नाही. बिस्कीट संपवलं आणि म्हणाली, “साठातनं वीस गेले, चाळीस. तिनातनं आठ जात नाहीत, पाच कमी पडतात. मग ते पाच चाळिसातनं दिले. पस्तीस.”

वन्सं म्हणाल्या, “अशी रीत नसते.”

टाचणी म्हणाली, “पण उत्तर असतं ना?”

२४ मे, शनिवार

सकाळी सातला वन्सं दारात! हातात कागदांचा गठ्ठा. टाचणीची रीत कुठेतरी फसणारच, म्हणून उठल्यापासून त्या उदाहरणं करत होत्या. शून्यं घालून पाहिली. पाचशे दोनमधून तीनशे सदुसष्ट — ते तर मुद्दाम, अगदी दुष्टपणाने काढलेलं. पाचशेतून तीनशे, दोनशे. शून्यातून साठ, साठ कमी. दोनातून सात, पाच कमी. दोनशेतून पासष्ट दिले. एकशे पस्तीस. बरोबर!

“एकदाही फसत नाही गं,” असं म्हणून पायरीवरच बसल्या. चप्पलसुद्धा काढली नव्हती. “आठ वर्षांची पोर! तेवीस वर्षं मी म्हणत आले, उजवीकडूनच करायचं. का, म्हणून मला कुणी विचारलंच नाही.”

मी म्हटलं, “विचारलं असेल. आपण ‘दीड म्हणजे दीड’ म्हटलं असेल.”

मला वाटलं आता पट्टी बसते पाठीत. पण त्या हसल्या. इतक्या हसल्या की नवरा दाढीचा फेस तोंडाला तसाच घेऊन बघायला आला.

२६ मे

तक्त्यावर दर शुक्रवारचा तास — ‘माझी रीत’. मुलांनी आपापली रीत फळ्यावर येऊन सांगायची, बाईंनी गप्प बसायचं. ‘गप्प’खाली वन्संनी स्वतःच्या हाताने दोन रेघा ओढल्या. लाल पेनाने.

मीही एक हरले. पाढे हवेतच. आडून आडून का होईना, भागाकाराला लागतातच. वीसपर्यंत नाही, बारापर्यंत. नोव्हेंबरअखेर. ही ओळ मी लिहिली.

३० मे

ऑक्टोबर झाला. डिसेंबर झाला. मोजमापाला नवऱ्याची जुनी टेप मिळाली. एवढी मजा शाळेत असताना कधी आली नव्हती. आज कितीतरी वेळ विसरूनच गेले होते, की हे सगळं मी कदाचित चित्रकलेच्या तासाला खिडकीतून बघणार आहे.

२ जून

फेब्रुवारीत भागाकारावर आलो. मी माझी पद्धत सांगितली — बहात्तर भागिले सहा. सहाचे गट काढत जायचे. दहा गट काढले, साठ गेले. बारा उरले, आणखी दोन गट. म्हणजे बारा. गेल्या वर्षी ‘ब’ला असंच शिकवलं होतं.

वन्संचं पेन थांबलं. “असंच? सगळ्यांना?”

“हो. का?”

“काही नाही.” उठल्या आणि गेल्या. चहा तसाच. खिडकीतून पाहिलं तर शाळेच्या रस्त्याला लागल्या होत्या. माझं काय चुकलं?

३ जून

लिहू की नको.

दुपारी वन्सं आल्या आणि तक्त्यावर एक गठ्ठा ठेवला. गेल्या वर्षीचे ‘ब’चे पेपर. पेपर आम्ही नेहमी अदलाबदल करून तपासतो. माझ्या वर्गाचे त्या, त्यांच्या वर्गाचे मी. नंतर ते ऑफिसच्या कपाटात जातात, माझ्या हाती येते ती गुणांची यादी. आणि वन्संची तपासणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी कधी शंका घेतली नाही.

“बघ,” म्हणाल्या. भागाकाराचे पाच प्रश्न, वीस गुण. दहा गट, दोन गट, उत्तर बारा. त्यावर लाल फुली. शून्य. पुढचा पेपर — शून्य. पुढचा — शून्य.

“उत्तर बरोबर आहे. मांडणी नाही म्हणून मी शून्य दिलं. काल शाळेत बसून सगळे पुन्हा तपासले.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “एकोणीस नाहीत गं. चार.”

मी गठ्ठा जवळ ओढला.

“अजून एक. दोन्ही तुकड्या घ्याल का, असं मोठ्या बाईंनी मला एप्रिलमध्येच विचारलं होतं. मी हो म्हटलं. तुला सांगायला जीभ रेटली नाही.”

आधी नुसतं हलकं वाटलं. चार! मला शिकवता येतं! मग एकदम डोकं भणाणलं. माझं सोडा. पंधरा मुलं! पंधरा मुलं सुट्टीभर घरात ऐकत बसली असतील, तुला गणित येत नाही, तुला गणित येत नाही. तेवढं बोलले आणि आत निघून गेले.

४ जून

वन्संशी बोलले नाही.

५ जून

आजही नाही. सासूबाई म्हणाल्या, “बोलू नकोस, हवं तर. पण तो पसारा उचला. तीन आठवडे ताट मांडीवर घेऊन माझे गुडघे गेले.” थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “लहानपणी ती चुकली तर कबूल करायची नाही. उपाशी राहायची, पण कबूल नाही. परवा पहिल्यांदा ऐकलं मी.”

संध्याकाळी वर गेले. दार उघडंच होतं. वन्सं पत्रं लिहीत होत्या. हाताने, त्यांच्या त्या ताठ अक्षरात. एक उचलून वाचलं.

‘आपल्या मुलीची उत्तरं बरोबर होती. चूक तपासणाऱ्या शिक्षिकेची आहे. ती शिक्षिका मी. हे पत्र कृपया तिला मोठ्याने वाचून दाखवावं.’

पंधरा घरांना पंधरा. आठ झाली होती. कुणालाही एकसारखं नाही. प्रत्येकात त्या त्या मुलाचं एक उदाहरण, मुलाने केलं तसंच उतरवलेलं.

मी खुर्ची ओढली. “पत्ते मी घालते. तुम्हाला घरं माहीत नाहीत त्यांची.”

“हं,” म्हणाल्या. मग नाक ओढून, “अगं ए, तो डिंक दे.”

१० जून

टेबलावर नियोजन! अठ्ठावीस पानं, मोठ्या बाईंना झेपतील अशा लहान कागदांवर उतरवलेलं. सोबत दुरुस्त गुणांची यादी आणि पत्रांची एक नक्कल. बोलायचं मी ठरवलं होतं, पण वन्संनीच सगळं सांगितलं, उभ्या राहून, एक शब्द न लपवता. मी त्यांच्या कोपराला धरून होते. का, माहीत नाही.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. “चौथीच्या बाईंना मी स्वतः सांगते. प्रगतिपुस्तकं नवी करू.” मग नियोजन चाळलं. शुक्रवारवर बोट थांबलं. “आणि बाई तासभर गप्प? तुम्ही दोघी? हे जमलं तर मी बघायला येईन.”

‘ब’चं गणित माझ्याकडेच! बाहेर आल्यावर मी जिन्यात उडी मारली. शिपायाने पाहिलं. पाहू दे!

टेबल मोकळं. आज सगळे खुर्च्यांवर बसून जेवलो.

१३ जून, शुक्रवार

वर्गवाटप लागलं. तिसरी ‘अ’ गणित — मी. तिसरी ‘ब’ गणित — तेही मीच! धावत वन्संना शोधलं. त्या पहिलीच्या वर्गात होत्या, खुजे बाक सरळ करत. हा वर्ग त्यांनी काल मोठ्या बाईंकडे जाऊन स्वतः मागून घेतलाय.

“मी रीत शिकवायच्या आधी मुलं कशी मोजतात,” म्हणाल्या, “ते मी कधी बघितलंच नाही गं.”