कॅप्चर कार्ड

लातूर, १४ जून २००४

ती. स्व. माणिकमामांना पुनमचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की तुम्ही नांदेडचा पाऊस सांगायला लागता, म्हणून पत्र लिहितेय. क्लासच्या सरांनी फिजिक्सच्या लेक्चरच्या सीडी करायचं काम मला दिलं आहे. ज्यांना लातुरात खोली करून राहणं परवडत नाही, अशा खेड्यातल्या मुलांसाठी. कॅमेरा क्लासचा, कॉम्प्युटर माझा. यासेर म्हणून एकजण आहे, त्याच्या दुकानातून जोडून घेतेय. त्याने यादी दिली आहे: पेंटियम फोर, ५१२ रॅम, ऐंशी जीबीची हार्ड डिस्क, सीडी रायटर, पंधरा इंची मॉनिटर. आणि एक कॅप्चर कार्ड.

हे कार्ड क्लाससाठी नाही. जुन्या व्हीएचएस कॅसेटमधलं चित्र त्यातून कॉम्प्युटरमध्ये उतरतं. तुमच्या कपाटातली आईची कॅसेट मला उतरवून घ्यायची आहे. भूकंपाच्या आदल्या दिवशी गावात गणपती विसर्जनाचं शूटिंग तुम्ही केलंत, ती. घर पडलं त्यात आईचा एकही फोटो राहिला नाही. मी त्या दिवशी मुरुडला शिवम्मा मावशीकडे होते. आता तिचा चेहरा आठवायला गेलं की मावशीचाच येतो.

तुम्ही एवढी वर्षं शूटिंग आणि मिक्सिंग केलंत. यादीवर नजर टाका आणि कॅसेट पाठवा. मामींना नमस्कार. लोभ आहेच, सल्लाही असावा.

आपली,
पुनम

नांदेड, २३ जून २००४

चि. पुनम हिस माणिकमामाचे अनेक आशीर्वाद.

यादी पाहिली. पोरगा लबाड नाही, पण दुकानदार आहे. मी केल्या तशा चुका करू नकोस. हार्ड डिस्क एक घेऊ नको, दोन घे. एकीवर विंडोज, दुसरीवर नुसतं शूटिंग. दोन्ही एकीवर ठेवलं की चित्र अडखळतं. मॉनिटर जुना चालेल. यूपीएसशिवाय मशीन घरात आणू नको. आमच्याकडे लाईट गेली आणि एका नवरदेवाची अख्खी वरात गेली. त्याचे वडील अजून दुकानासमोरून जाताना माझ्याकडे बघत नाहीत.

कॅप्चर कार्ड मात्र काढून टाक. क्लासचा कॅमेरा डिजिटल असणार, त्याला शंभर-दोनशेची वायर पुरते. कॅसेटला बुरशी आली आहे, ती चालणार नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला? त्या पैशात रॅम वाढव.

तुझ्या बाबांची, श्रीमंतदाजींची, तब्येत कळव. तुझी मामी तुला चकल्या पाठवायचं म्हणते आहे, म्हणजे पाठवेलच.

तुझा,
माणिकमामा

लातूर, २ जुलै २००४

ती. स्व. मामांना पुनमचा नमस्कार.

दोन हार्ड डिस्क घेतल्या, यूपीएस घेतला, मॉनिटर जुना घेतला. तरी बजेटात बसेना, तेव्हा पेंटियम सोडला आणि सेलेरॉनवर आले. तासाभराचं लेक्चर तयार व्हायला चार तास लागतील असं यासेर म्हणाला. लागू देत. कॅप्चर कार्ड मी घेतलं.

तुमची कोंबडीची म्हण मला लागली, मामा. बुरशीचं म्हणाल तर यासेरचे वडील पाशामियाँ तीस वर्षं व्हीसीआर दुरुस्त करतात. कॅसेट खोलून, फीत कापडाने पुसून दुसऱ्या डबीत भरतात. त्यांनी निरोप दिलाय की बुरशी हाय तर हाय, तुम्ही नुसती पाठवा, आम्ही बसलोय कशाला.

आता कारण उरलं नाही. माझा हट्ट म्हणा, पण कॅसेट पाठवा.

आपली,
पुनम

नांदेड, ११ जुलै २००४

चि. पुनम हिस आशीर्वाद.

कॅसेट सोबत पाठवतो आहे. पाशामियाँकडे देण्याआधी हे वाच.

तुझी आई त्यात नाही.

शूटिंगवाल्यांची एक रीत असते. लग्नात, मिरवणुकीत प्रत्येकजण म्हणतो, आमचं बी काढा. नाही म्हटलं तर माणूस रुसतो आणि कॅसेट तर मोजून दिलेली असते. मग आम्ही कॅमेरा खांद्यावर ठेवतो, हॅलोजन लावतो आणि बटण दाबत नाही. समोरचा उजेडात उभा राहतो, हसतो, खूश होऊन जातो. मी असं हजारो लोकांना केलं असेल.

त्या संध्याकाळी मंडळाने एकच कॅसेट दिली होती. विहिरीपाशी विसर्जन व्हायचं होतं आणि थोडीच फीत उरली होती. उमाअक्का प्रसादाचं ताट घेऊन आली. मी शूटिंग बंद केलं, हॅलोजन तेवढा चालू ठेवला. तिने पदर सारखा केला आणि उभी राहिली. सख्खी बहीण. मी शेवटच्या गाडीने नांदेडला आलो आणि सकाळी रेडिओवर कळलं.

तेराव्याला तू माझ्या मांडीवर रडत होतीस. मी म्हणालो, तुझी आई माझ्याकडे कॅसेटमध्ये आहे. तू गप्प झालीस. तेव्हापासून ही कॅसेट मी एकदाही लावलेली नाही. मला लाज वाटते, पुनम. बुरशी आपोआप आली, पण येऊ मी दिली.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?

माणिकमामा

लातूर, ८ ऑगस्ट २००४

ती. स्व. माणिकमामांना पुनमचा शि. सा. न.

उत्तराला उशीर झाला, कारण मला तुमचा राग आला होता. अजून आहे. पंधरा दिवस कॅसेट पिशवीतून काढली नाही. सहा लेक्चरं तयार केली, मशीन चांगलं चाललं, दोन हार्ड डिस्कचा सल्ला बरोबर होता. मग बाबा पुनर्वसनाच्या गावाहून आले. त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, न्हाई तर न्हाई, गाव तर दिसंल.

पाशामियाँनी दोन दिवस बसून फीत पुसली. गाव दिसलं. लेझीम, मारुतीचा पार, बाबा ओळखून नावं सांगत होते आणि मी लिहून घेत होते. आई कुठेच नाही, तुम्ही म्हणालात तसं. शेवटी विहिरीच्या थोडं आधी कॅमेरा लेझीमवाल्यांवर आहे आणि मागून एक बाई बोलते. माणिक, माझं बी काढ की, पुनमला दावायचं हाय. मग टक् असा आवाज येतो आणि एकदम विहीर लागते.

तुम्ही बटण बंद केलंत, पण ती त्याआधी बोलली होती. चार सेकंद आहेत. बाबांनी पाच वेळा लावायला लावलं. म्हणाले, आवाज बसलाय तिचा, दिवसभर आरत्या म्हणून. मी खूप रडले, मामा. हा आवाज मला आठवतच नव्हता.

यासेर म्हणाला, शेवटचा टक् काढून टाकू, एका कटचं काम आहे. मी नको म्हणाले. त्या फितीत तिच्यासोबत शेवटचे तुम्हीच आहात, तेवढं त्यात राहू दे.

लोभही आहे आणि रागही आहे, दोन्ही सांभाळा. दिवाळीला कॅमेरा घेऊन या. बाबांचं शूटिंग करायचं आहे. बटण मी दाबेन.

आपली,
पुनम