डावीकडे, एक पाऊल मागे

१० फेब्रुवारी, जळगाव

पोहोचले, आणि सगळं मनासारखं झालं! नाना केळीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवून देणार होते, पण मायने हट्ट धरून रावेरहून रेल्वेने पाठवलं. ऑफिस हस्तीमल शेठच्या डाळीच्या गोदामावर, माडीवर आहे. जिन्यात तूरडाळीचा वास, वर एसी आणि भिंतभर स्क्रीन. शेठचा मुलगा जिनेश मालक. म्हणाला, खाली पप्पा डाळ विकतात, वर मी राक्षस विकतो, कीड मात्र दोन्हीकडे चालत नाही.

माझं नाव ऐकून सगळे थांबतात, तसा तोही थांबला. चिंधी चौधरी. त्याने विचारलं, खरं नाव काय? मी म्हटलं, हेच. कागदावर हेच आहे, म्हणजे मी खोटं बोलले नाही. तरी जिना उतरेपर्यंत मनाला लागून राहिलं.

चारुलता अक्काने त्याला गप्प केलं. ती धुळ्याची, माझी वरिष्ठ. तिच्याच खोलीवर राहायचं ठरलंय. उशी तिने स्वतःची दिली आणि म्हणाली, घाबरू नको, बठ्ठं ठीक शे. म्हणजे सगळं ठीक आहे.

१५ फेब्रुवारी

काम समजलं. आमच्या ऑनलाइन खेळात एक ‘समनर’ असतो. तो स्वतः लढत नाही. नावाने हाक मारून एक प्राणी बोलावतो आणि तो प्राणी त्याच्यासाठी लढतो. तो प्राणी कसा वागेल हे मी ठरवायचं. कुठे उभा राहील, कोणाला आधी चावेल, किती लांब गेल्यावर परत फिरेल.

जिनेशला वाघ हवा होता. मी म्हटलं, वाघ सगळ्यांकडे असतो, आपण सातपुड्यातलं तरस घेऊ. लाजरं, कुबडं, पण हाडं फोडणारं. अक्काने टाळी वाजवली. तरसाची जागा मालकाच्या डावीकडे, एक पाऊल मागे. समनरच्या उजव्या हातात काठी असते म्हणून.

एक गोष्ट मी भीत भीत मांडली. प्राण्याला नकार देता यावा. मालक त्याला विश्रांती न देता पुन्हा पुन्हा बोलवत राहिला, तर तो खाली बसेल आणि उठणार नाही. जिनेश म्हणाला, गिऱ्हाइकाला नाही म्हणणारं जनावर कोण घेईल ताई? पण अक्का माझ्या बाजूने भांडली. नकार राहिला. नानांना फोन करून सांगितलं. त्यांना कळलं काहीच नाही, पण खूश झाले.

२ मार्च

जळगावच्या कॉलेजातली काही मुलं मोबाइलवर खेळ तपासून देतात. त्यांचं म्हणणं, तरस मेलेलं वाटतं. अक्काचं म्हणणं, दोष नावाचा आहे. आपण बसून बनवलेल्या नावाला जीव नसतो. ज्या नावाने कोणाला खरोखर हाक मारली गेली, असं नाव हवं. मग सगळ्यांनी आपापल्या घरची नावं दिली, बैलांची, कुत्र्यांची, एका मांजरीचंसुद्धा. काही उपयोग झाला नाही.

दुपारी अक्का मला मेहरूण तलावावर घेऊन गेली. काठावर बसून तिने तिच्या जुळ्या बहिणीचं सांगितलं. ती कशी गेली ते तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मग मला गप्प बसणं अप्रामाणिक वाटलं.

मी सांगितलं. माझ्या आधीची दोन लेकरं गेली. म्हणून मला सुपात घालून उकिरड्यावरून ओढलं आणि चिंधी नाव ठेवलं, म्हणजे मरणाला वाटावं, ही टाकलेलीच आहे, हिला काय न्यायचं. चौथीपर्यंत घराबाहेर पाठवलं नाही. नानांनी केळीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर अक्षरं शिकवली. आणि खरं नाव मायने माझ्या उजव्या कानात सांगितलं. ते माय, नाना आणि मी, एवढ्यांनाच माहीत. त्या नावाने कोणी हाक मारायची नाही. कारण त्या नावाला मला ओ द्यावीच लागेल.

अक्काने विचारलं, काय आहे गं ते? मी तिच्या कानात सांगितलं. इथे लिहीत नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, मेले तरी तोंडातून जाणार नाही.

खूप हलकं वाटतंय.

९ मार्च

तरस जिवंत झालं! मुलं खेळ सोडायला तयार नाहीत. हल्ल्याआधी ते जरा थबकतं, मागे वळून मालकाकडे बघतं. आणि मध्येच पंजाने उजवा कान चोळतं. प्राण्यांच्या हालचाली काढणारा नवीन नावाचा मुलगा आहे, त्याला मी विचारलं, हे कधी काढलंस? तो म्हणाला, मी नाही काढलं, मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल.

कान चोळायची सवय माझी आहे.

नवं नाव काय ठेवलंय, असं अक्काला विचारलं. म्हणाली, जिनेशने ती फाइल बंद केलीय. माझ्याकडे न बघता म्हणाली.

१३ मार्च

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते. दुपारी उसाच्या रसाच्या गाड्यासमोरून जात होते. गुडघ्यांत कळ आली, कोणीतरी दोरी ओढावी तशी. नंतरचं आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी एका अनोळखी मुलामागे उभी होते. तो बाकावर बसून मोबाइलवर खेळत होता. वळून म्हणाला, काय पाहिजे ताई? इतक्या जवळ कशाला? त्याचे मित्र हसले, भूषण, घे, मिळाली तुला.

मी त्याच्या डावीकडे होते. एक पाऊल मागे.

त्याच्या स्क्रीनवर तरस होतं. त्याखाली नाव होतं.

माझं.

१४ मार्च

अक्काला विचारलं. वाटलं होतं, रडेल. ती चहा ढवळत राहिली. म्हणाली, अगं शब्दच तर आहे तो, तू शिकलेली ना? मी म्हटलं, तू डोक्यावर हात ठेवला होतास. ती म्हणाली, त्या तरसाला तुझ्यावाचून जीव नाही, हा तर तुझा मान आहे.

मग कळलं, नकार काढून टाकलाय. अक्कानेच काढला. त्याच्या जागी ‘त्याग’ आहे. मालक मरायला आला की एक बटण दाबतो, प्राण्याचा उरलेला जीव मालकात जातो, प्राणी कोसळतो. मग पुन्हा हाक, पुन्हा उठतो.

पाडव्याला खेळ सगळ्यांसाठी खुला होणार. आत्ता खेळतात ती मूठभर मुलं. तेव्हा हजारो असतील. त्याआधी ते नाव निघालंच पाहिजे.

१७ मार्च

त्याग काय असतो ते कळलं. जेवताना ताटावर पडले. उठले तर जिभेला चव नाही. वरणही नाही, मीठही नाही. दुसऱ्यांदा पडले तेव्हा नानांचा चेहरा डोळ्यांपुढे आणता येईना. आवाज आठवतो. चेहरा नाही.

जिनेशला सांगितलं. म्हणाला, डॉक्टरला दाखवा, सुट्टी घ्या, पण नाव राहील.

१९ मार्च



हालचाली काढणारा नवीन त्याच्या टेबलावर तरस खेळवून बघत होता, मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. हलता येईना. अक्का तिच्या टेबलावरून बघत होती. तिने स्क्रीनवरचा एक आकडा बदलला. तरसाच्या अंतराचा.

मी एक पाऊल मागे सरकले.

तिने पुन्हा बदलला. मी पुढे आले.

तिला माहीत होतं. पहिल्यापासून — ती हसली नाही, घाबरलीही नाही. फक्त वहीत काहीतरी टिपलं. मी आकडे टिपते तसं.

२१ मार्च, रावेर

पळून आले. भुसावळला फलाटावर दोनदा ओढीने उठून चालू लागले. एका म्हातारीने पदराला बांधून ठेवलं.

मायला सगळं सांगितलं. ती एक शब्द लागेल असा बोलली नाही. म्हणाली, “नाव फुटलं तं फुटलं. टाकून देऊ ते. दुसरं ठेवू.” सुपात मावत नाही म्हणून सुपात दोन्ही पाय ठेवायला लावले, नानांनी धरलं, उकिरड्यापर्यंत नेलं. हळद लावली. मग मायने डाव्या कानात नवं नाव सांगितलं. या वेळी नानांनाही नाही.

२४ मार्च

ओढ थांबली! तीन दिवस गुडघे माझे आहेत. भाजीला चव आहे. नाना खळ्यावरून आले आणि मी त्यांचा चेहरा बघत बसले. ते म्हणाले, काय वं, मी का नवरदेव शे?

जुनं नाव आता कोणाचंच नाही. हाका मारा म्हणावं.

२८ मार्च

नवीनचा मेसेज. तरस पुन्हा मेल्यासारखं झालंय, जागचं हलत नाही, जिनेशचं डोकं फिरलंय. अक्का मात्र शांत आहे म्हणे.

अक्काचे फोन येताहेत. मी घेत नाही.

३० मार्च. पाडवा

माय खुशीत आहे. गुढीला साखरेची माळ घालताना म्हणाली, सगळं मिटलं. चारुलताचा फोन आला होता काल, मायच्या फोनवर. पाया पडते म्हणाली. चिंधीचं जुनं नाव कॉम्प्युटरमधून कायमचं खोडते म्हणाली. जुनं खोडायला नवं टाकावं लागतं म्हणाली. मायला ते पटलं. गॅसच्या कार्डावरचं नाव बदललं तेव्हाही जुनं-नवं दोन्ही विचारलं होतं ना.

“तिले रडू येऊ राह्यलं व्हतं वं. सांगून टाकलं मी. आता तुले कोनी बोलावनार नाही.”

मी ओरडले नाही. तिच्या हाताला अजून हळद आहे. 

नवं अजून एक ठेव, म्हटलं. आत्ता, लगेच. ती म्हणाली, आधी पुरणाचं उतरवू दे. नाना सूप आणायला गेलेत गोठ्यात —

खेळ कधी खुला करणार ते माहीत नाही. सकाळी म्हणाले होते. सकाळ तर —

गुडघे.

एक नाही. पुष्कळ. सगळीकडून. डावीकडे — कोणाच्या डावीकडे जाऊ, इतके — अक्का, मी तुला उशी परत —

माय वळून बघतेय. तिला वाटतंय मी मदतीला उठले. हसतेय. म्हणतेय, ये, पोळ्या लाटू ला—