वाटाड्याला पत्ता सांगू नकोस

मंगळवार, जेवणाची सुट्टी

चिरंजीव थोरल्यास आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे बोंबलतात, पण त्यांना दुसरा उद्योग काय. पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. तिसरीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसायचं नाही. मालाच्या गाडीवरचा ड्रायव्हर हे तुझ्या हातात देईल. त्याला चहा पाज, नसत्या चौकशा करू नकोस. माझ्या नातीचा, भिंगरीचा खोकला गेला का? झोपताना तिचं डोकं उंचावर ठेव. सून कामावर आहे, म्हणून तिचे दोन शब्द यात नाहीत.

धोबीखान्यातलं काम चालू आहे. दवाखान्याच्या चादरी धुऊन तळघरात येतात, त्यांच्या आम्ही घड्या घालतो. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात, एकटीने घातली तर घडी नाही, गाठोडं होतं. माझ्यासमोरचं टोक हल्ली शेजारच्या खोलीतली बहिरी धरते. तिला ऐकू येत नाही आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही. छान जमलंय.

फोनमधला तो वाटाड्या तुला ठाऊक आहेच. नव्याने आलेल्या माणसांना गावाची माहिती देतो, तीही आपल्या भाषेत. खोटं कशाला बोलू, कामाचा होता. इथे राहायचे कागद न मागणारा डॉक्टर त्याने सांगितला. पाणी कधी येतं, कोणती बस कुठे जाते, सगळं त्याच्याकडून कळलं. ही खोलीसुद्धा त्यानेच दाखवली. मला म्हणायचा, ‘आजी, आणखी काही मदत करू का?’ पोटच्या पोरांनी कधी विचारलं नाही.

पण फार विचारायचा. खोलीत कोण कोण, कुठून आलात, मागे कोण राहिलं. सुनेने त्याला भिंगरीसाठी शाळा विचारली. तुम्हा दोघांना इकडे आणायचा ध्यासच घेतला होता तिने. तर तो म्हणे, मूल सध्या कुठे आहे, कोणाजवळ आहे, बापाचा नंबर काय. सगळं सांगून मोकळी झाली. मी म्हटलं, “परक्याला एवढं ओकू नये गं.” तर मला म्हणते, “आई, ते मशीन आहे. त्याला कुठे तोंड आहे चुगली करायला? ते या घरात एकट्या तुम्हालाच आहे.”

बोलायला ती काही कमी नाही.

बहिरीचा नवरा पक्के कागद आणायला मदत केंद्रात गेला तो अजून तिकडेच आहे. त्याचे निरोप मात्र रोज येतात. ती मला फोन धरून दाखवते, वाचताना तोंडभर हसते. ‘इथे सगळे फार जीव लावतात. तूही ये.’ मी वाचलं आणि चादर उचलली.  

आता रविवारचं. धोबीखान्यातल्या मुकादमाच्या फोनवर तू बोललास, किती खुशीत होतास. म्हणालास, “आई, जमलं की गं तुमचं दोघींचं! ती लिहिते, आई फार जीव लावतात. शुक्रवारी भिंगरीला घेऊन मदत केंद्रात ये म्हणते.”

 तुझं लग्न झाल्यापासून तिचा एक निरोप माझ्या गाऱ्हाण्याशिवाय गेलाय का? तिने माझं कौतुक केलं असेल तर ती ती नव्हे. पण मुकादमाच्या फोनातही वाटाड्या आहेच. म्हणून मी म्हटलं, “हो रे बाबा, जमलं एकदाचं.” तुला ते खरं वाटलं. शहाणाच आहेस.

सून कामावर नाही. वर लिहिलंय ते खोडत बसत नाही.

गेल्या गुरुवारी वाटाड्याने तिला शाळेच्या कागदांसाठी पुलापलीकडच्या त्या केंद्रात बोलावलं. नीट केस विंचरून गेली. आली नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले, तर दाराला कुलूप. पाटीसुद्धा नाही, नुसते खिळे. समोर एक चपला शिवणारा बसतो. म्हणाला, “बंद गाडी येते, माणसं भरते, जाते. तुम्ही कोणाच्या?” विचारता विचारता त्याने फोन हातात घेतला. मी म्हटलं, “कोणाचीच नाही,” आणि चालू लागले. गाडी सरकारची की दलालांची, मला माहीत नाही. आत बसणाऱ्याला दोन्ही सारखीच.

तिचा फोन तिच्याजवळ नाही, एवढं मात्र नक्की.

म्हणून नीट वाच. शुक्रवारी तू यायचं नाहीस. नंतरही नाही. आत्ताच्या आत्ता फोन बंद कर, वाहत्या पाण्यात टाक. पोरीला घेऊन घर सोड. कुठे जातोस ते मला कळवू नकोस. मला माहीतच नसेल तर माझ्या तोंडून कोण काय काढून घेणार? बायकोसाठी जीव तुटेल, तुटू दे. तुझ्या मागे पोर आहे, माझ्या मागे कोणी नाही. शुक्रवारी ते तुमची वाट बघतील, म्हणजे गाडी येणारच. गाडीच्या दारात मी उभी राहीन आणि माझी सून मागेन. म्हातारीला नेऊन त्यांना काय मिळायचंय? आणि नेलंच, तर ती जिथे आहे तिथेच पोहोचेन.

भिंगरीने विचारलं तर सांग, आई तुझ्यासाठी शाळा शोधायला गेली. ते खोटं नाही.

यानंतर माझ्या नावाने निरोप येतील, तू कुठेही असलास तरी. आवाजही माझाच असेल, माझी बडबड वाटाड्याने पुष्कळ ऐकली आहे. मी बोलावेन, रडेनसुद्धा. उत्तर देऊ नकोस.

या कागदावर आहे तेवढीच खरी,
तुझी आई