आतल्या खोलीचं माप

॥ श्री ॥
परळ, मुंबई
४ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या जगदीशचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईल तू हातात धरत नाहीस, म्हणून या काळातही मी पोस्टाची पाकिटं विकत घेतो. काउंटरवरची बाई विचारते, काका, कोर्टाचं काही आहे का. मी सांगितलं, भाऊ आहे. एकूण एकच, असं ती म्हणाली.

इकडे सगळे मजेत. लतिकाचे गुडघे सोडले तर नव्या टॉवरमध्ये तक्रारीला जागा नाही. आमच्या चिरंजीव अर्णवला बढती मिळाली आणि आता त्याला घरात होम थिएटर हवंय. पाच स्पीकर आणि एक छातीत धडधडणारा सबवूफर त्याने पसंत केलाय. घोडं अडलंय रिसिव्हरवर, म्हणजे टीव्ही आणि सगळे स्पीकर ज्या डब्याला जोडायचे तो. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने तीन दाखवले: पाच चॅनेलचा, सात चॅनेलचा आणि एक नऊ चॅनेलचा, जो फळीवरून उतरवायला दोन माणसं लागली. तो हाच तिसरा आमच्या गळ्यात मारायला बघतोय. मी म्हटलं, थांबा, आमच्या घरात तज्ज्ञ आहे. मिलच्या साचेखात्यात मागांच्या खडखडाटात पाळी करून संध्याकाळी मंडळाचे कर्णे बांधायचास तू. आता बहिऱ्याला आवाजाचं विचारतोय म्हणून लतिका पोट धरून हसली. तूही हस, मनावर घेऊ नको.

जाता जाता एक. सोबत सोसायटीचा फॉर्म आहे. बाबांनंतर चाळीतल्या खोलीची भाड्याची पावती तुझ्या नावावर होती, म्हणून हा ब्लॉकही तुझ्याच नावावर निघाला. राहतो आम्ही, पण मीटिंगमध्ये मला तोंड उघडू देत नाहीत. माझ्या नावावर करून टाक. फुली केलीय तिथे सही कर. वाचत बसू नको, टाइप बारीक आहे.

लोभ आहेच, सोबत सहीही असावी.
तुझा,
जगदीश


मिठबाव, ता. देवगड
११ फेब्रुवारी २०२५

चि. जगदीश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. सांगितलंस तसा हसलो.

देवगडच्या साऊंडवाल्याकडची माहितीपत्रकं मी अजून वाचतो. खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याला भुलू नको. तो बहुतेक वेळा एखाद-दुसरा स्पीकर चालू ठेवून काढलेला असतो. पाचही एकदम वाजायला लागले की आकडा उतरतो. स्थळाच्या कागदावर मुलाची उंची लिहितात, त्यातला प्रकार. स्पीकरच्या पाठीवर ओहम लिहिलेले असतील ते कळव. चार असतील तर हलका डबा तापून बंद पडेल, सहा किंवा आठ असतील तर चिंता नाही. टीव्हीची वायर जाते त्या भोकावर ईआर्क लिहिलंय का ते बघ, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरने डब्यात येईल. डब्याच्या वर वीतभर जागा मोकळी ठेव. लतिका तिथे फुलदाणी ठेवेल, ठेवू देऊ नको.

सगळ्यात आधी खोलीचं माप पाठव. लांबी, रुंदी, खिडकी कुठे, दार कुठे. खोली कळल्याशिवाय डबा निवडणं म्हणजे पाय न बघता चप्पल घेणं. डब्यासोबत एक छोटा माईक येतो. बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर तो ठेवायचा, पंखा, एसी, फ्रीज बंद करायचा आणि दहा मिनिटं सगळ्यांनी मुकाट बसायचं. यंत्र एकेक स्पीकर वाजवून खोली मोजून घेतं. कुजबुजसुद्धा चालत नाही. लतिकाला आतापासून सराव करायला लाव.

माझी बातमी अशी की परळच्या हॉस्पिटलात माझा नंबर लागलाय. कानात यंत्र बसवणार आणि महिनाभर तपासणीला बोलावणार. साचेखात्याने जे नेलं त्यातलं थोडं परत मिळेल म्हणतात. मार्चमध्ये येतो. तीन वर्षांसाठी गावी आलो होतो, सात झाली. चाळ पाडायच्या दिवशी आईच्या फोटोसमोर तू म्हणाला होतास, नव्या घरातली आतली खोली दादाची. तिथे नुसती एक खाट टाक, बाकी माझं मी बघतो. फॉर्मचं तिथे बसूनच करू.

सर्वांना आशीर्वाद, लतिकाच्या गुडघ्यांना वेगळे.
सीताराम


॥ श्री ॥
परळ, मुंबई
२० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,
जगदीशचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अर्णवने दुकानदाराला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, हे काका कुठल्या कंपनीत होते. आम्ही तुझं वय आणि कान दोन्ही सांगितले नाहीत. उगाच पत जायची.

ओहम सहा. ईआर्क तिन्हींवर आहे. खोली अकरा फूट लांब, नऊ फूट चार इंच रुंद. पूर्वेला एक खिडकी, दार कोपऱ्यात. आता झटपट सांग, दुकानदाराने माल राखून ठेवलाय.

कानाचं म्हणशील तर मला पटत नाही. अडुसष्टाव्या वर्षी कान उघडून करणार काय? मिठबावात ऐकण्यासारखं काय आहे, कोंबडे? तुला फुकट मिळालेल्या शांततेसाठी लोक डोंगरात जाऊन बसतात. आणि हॉस्पिटलातल्या रांगा तू बघितल्या नाहीस. नीट विचार कर. फॉर्म मात्र विचार न करता पाठव.

लोभाची वायर सैल होऊ देऊ नको.
तुझा,
जगदीश


मिठबाव
२७ फेब्रुवारी २०२५

चि. जगदीश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

ओहम सहा असतील तर पाच चॅनेलचा पहिला डबा घे, डोळे झाकून. एवढ्याशा खोलीत नऊवाला आणलास तर उरलेली चार भोकं बघत बसशील. सबवूफर कोपऱ्यात अगदी कोंबू नको, भिंतीपासून हातभर पुढे ओढ, नाहीतर नुसतं घुमेल.

पण माप परत घे. बिल्डरने दिलेला नकाशा माझ्या ट्रंकेत आहे, काल काढून बघितला. हॉल पंधरा बाय दहा आहे आणि त्याची खिडकी पश्चिमेला. अकरा बाय नऊ-चार आणि पूर्वेची खिडकी, ती आतली खोली. घाईघाईत टेप भलत्याच खोलीत लावलीस वाटतं. चूकच झाली ना? तेवढं कळव. आजकाल पोस्टमनला मी बांधावरच गाठतो.

आशीर्वाद आहेतच.
सीताराम


॥ श्री ॥
परळ, मुंबई
८ मार्च २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

कान गेले तरी डोळे तल्लख आहेत हं तुझे. टेप चुकली नाही. हॉलमध्ये पाहुणे, देव्हारा, लतिकाची मंडळी. थिएटरला अंधार लागतो, म्हणून आतली खोलीच बरी पडली. भिंतींना फोम लावून झालाय, खिडकीला जाड पडदा, दाराला रबर. आता तिथे खाट काय, पाटसुद्धा मावत नाही. रागावू नको, पण आवाजाच्या खोलीत बहिरा माणूस झोपवायचा म्हणजे वाचनालयात आंधळा सभासद. अर्णवला हा विनोद आवडला नाही, हल्लीच्या पोरांना विनोद कळतच नाहीत.

महिनाभर तुझ्याशी घसा फोडून बोलायचं त्राण लतिकात नाही. कानाचं पुढच्या वर्षी बघू. तसंही तुझं बरंचसं ऐकून झालंय. तू गणपतीला ये की. दिवसा ये, जेव, संध्याकाळच्या गाडीने परत जा. रात्रीची दगदग तुला सोसणार नाही.

पाच चॅनेलचाच घेतला. दुकानदाराचं तोंड उतरलं. पाडव्याला दुपारी मुहूर्त आहे, श्रीखंड-पुरी. तुझी आठवण काढू. फॉर्म पोस्टात टाक.

लोभ आहे तेवढ्याच आवाजावर ठेवावा.
तुझा,
जगदीश


मुक्काम लालबाग, रामदासच्या घरी
३१ मार्च २०२५

चि. जगदीश यास,
आशीर्वाद हातचे राखून.

काल पाडव्याला मला दारात बघून तुमची तोंडं कशी झाली ते मी पाहिलं. लतिकाने खुणेने बसा म्हटलं आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाली की श्रीखंडाचा वास मिठबावपर्यंत गेला वाटतं. सगळे हसले. मीही हसलो. तुम्हाला वाटलं, बघून हसतोय.

तुझं पत्र मिळाल्यावर मी साचेखात्यातल्या रामदासला लिहिलं. आठवडाभर त्याच्याकडे आहे. एका खोलीत पाच माणसं आहेत आणि खाट मला दिलीय. बुधवारी हॉस्पिटलात यंत्र बसवलं. शेंगदाण्याएवढं आहे, कानात पार आत जातं, सांगितल्याशिवाय दिसत नाही.

तेच सांगायला आलो होतो. खिशात तुझा फॉर्म होता, फुलीवर सही केलेला. खोलीचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, पण मग म्हटलं, एकटा जीव, गावचं घर आहे, पोरांना सुखाने ऐकू दे. फॉर्म श्रीखंडाच्या वाटीखाली ठेवायचा आणि तुला सांगायचं, आता हळू बोललास तरी चालेल.

तेवढ्यात अर्णवने सगळ्यांना आतल्या खोलीत बसवून माईक ठेवला. मी लिहिलं होतं तसं पंखा, एसी, फ्रीज, सगळं बंद केलं. सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. मला कोणी सांगितलं नाही, गरज नव्हती. यंत्र बसवल्यापासून माझ्या कानात नुसता गलका होता. तुमच्या त्या फोमच्या खोलीत पहिल्यांदा एकेक आवाज सुटा झाला. आणि त्यात अर्णवने हळूच तुला विचारलं, मोठे काका आज झोपणार कुठे.

तू माझ्याकडे बघून प्रेमाने मान डोलावलीस. मीही डोलावली. मग त्याला म्हणालास की बहिऱ्याला काय, फलाटावरही झोप लागते, आज सही तेवढी काढून घ्यायची, नाही दिली तर अजून दोन-चार वर्षं, पुढे सहीचीही गरज नाही. लतिका म्हणाली, दोन-चार कशाला. मग मागच्या उजव्या स्पीकरने शिट्टी मारली आणि तुम्ही गप्प झालात.

सात वर्षांनी तुझा आवाज ऐकला, जगदीश. अजून आईसारखाच आहे. मी त्यासाठीच कान बसवले होते.

फॉर्म जिन्यात फाडला. आज सकाळी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन आलो. सेक्रेटरी ओरडून बोलायला लागले, त्यांना म्हटलं, हळू बोला, येतं ऐकू. ब्लॉक माझ्या नावावर आहे आणि राहील. अक्षय्य तृतीयेला मी राहायला येतोय. तोवर तू आणि लतिका दुसरीकडे सोय बघा. अर्णवला राहायचं असेल तर राहू दे. त्याला निदान विचारावंसं वाटलं. फोम, पडदा, रबर काही काढू नका. खाट मी हॉलमध्ये टाकेन आणि आतल्या खोलीत ऐकत बसेन.

अर्णवला सांग, मोजणी पुन्हा घ्यावी लागेल. यंत्र मोजत असताना कुजबुज झाली, मागचा उजवा स्पीकर चुकीचा बसला असणार. या खेपेला घरात माणसं कमी असतील, दहा मिनिटांची शांतता सहज मिळेल.

लोभाचं काय ते काल कानांनी ऐकलं, म्हणून पत्रात मागत नाही. तू गणपतीला ये की. दिवसा ये, जेव, संध्याकाळच्या गाडीने परत जा. रात्रीची दगदग तुला सोसणार नाही.

सीताराम