लाल पानाला भंडारा

२९ ऑक्टोबर, बुधवार
आमच्या अर्पिताला बघायला ईट गावचे गुंडाप्पा मुलाला घेऊन पुढच्या आठवड्यात येणार. मुलगा तिला पसंत आहे, तसं तिनं आईला सांगून ठेवलंय. पत्रिका मीच जुळवणार, ऑनलाइन. रिटायर झालो म्हणून काय झालं? शाळेतला पहिला कॉम्प्युटर मीच चालू केला होता. बंद दुसऱ्यानं केला, तो भाग वेगळा.
साइट उघडली तर पान लालभडक. पुढे धोका आहे, मागे फिरा म्हणे. असल्या साइट अडवणारं काहीतरी अर्पितानं माझ्या मोबाईलमध्ये टाकलंय. बापाला राखण!

३० ऑक्टोबर
परत लाल. मोबाईल बंद करून चालू केला. लाल. हिचं म्हणणं, "लाल म्हंजी अपशकुन, नगा जाऊ फुडं." मी अंधश्रद्धा मानत नाही. जन्मभर विज्ञान शिकवलंय.

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी
वार खंडोबाचा. देवळात जाऊन आलो. येताना मोबाईललाही चिमूटभर भंडारा लावला. अंधश्रद्धा नव्हे, प्रयोग. लाल पान गेलं नाही, पण मला धीर आला. खाली बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा' सापडलं. गेलो. साइटनं एक ॲप घ्यायला लावलं. त्यानं फोन नंबर मागितले, मेसेज मागितले. सगळ्याला हो म्हटलं. मागणाऱ्याला नाही म्हणायची आपल्या घरात रीत नाही.
छत्तीसपैकी चौतीस गुण! मुलाची जन्मवेळ भरायची राहिली होती, तरी.

३ नोव्हेंबर
देवा खंडोबा. माझ्या नंबरवरून सगळ्यांना मेसेज गेलाय: 'एकटं वाटतंय? माझ्याशी गप्पा मारा.' खाली एका बाईचा फोटो. सगळ्यांना म्हणजे सरपंच, आमच्या माजी मुख्याध्यापिका, गुंडाप्पांच्या सौभाग्यवती. मुख्याध्यापिकाबाईंचं उत्तर आलं, सर, तब्येत बरी आहे ना?
दार लावून बसलो. गावातल्या कुणा जळक्याचं काम असणार. अर्पितानं मोबाईल घेतला, ते ॲप काढून टाकलं, मोबाईल परत माझ्या हातात दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.
संकल्प: पाहुणे आले की पहिलं वाक्य खरं सांगायचं.

९ नोव्हेंबर, रविवार
पहिलं वाक्य 'गाडीला गर्दी होती का' असं निघालं. पोहे झाल्यावर गुंडाप्पांनीच मेसेजचा विषय काढला. मी घसा खाकरेपर्यंत अर्पिता बोलून मोकळी. "बाबांचा फोन माझ्याच हातात होता, चूक माझी." सगळे माझ्याकडं बघायला लागले.
मी म्हणालो, आजकालची पोरं! आणि हसलोसुद्धा. लई लाज वाटली. पण तेवढ्यात चहा आला.

११ नोव्हेंबर
ईटहून नकार. अर्पिता जेवली नाही. ही माझ्याशी बोलत नाही.
उद्या स्वतः ईटला जाऊन सगळं सांगणार. आजच सांगितलं असतं, पण असल्या गोष्टी फोनवर बऱ्या दिसत नाहीत.

१२ नोव्हेंबर
गेलो. गुंडाप्पांनी अंगणात बाज टाकली, पाणी दिलं. एका दमात सगळं सांगितलं, भंडाऱ्यासकट. जरा हलकं वाटलं. पोरीवर राग धरू नका म्हणालो.
गुंडाप्पा म्हणाले, "सर, पोरीवर राग कुणाचा हाय? बापाला झाकाया खोटं बोलली, ते आमाला तवाच कळलं. लई गुणाची हाय. नकार तिला न्हाय. ती तुमचं वझं उचलत व्हती अन् तुमी हसला. असल्या माणसासंगं सोयरीक कशी करावी, तेवढं सांगा."
पाणी तसंच ठेवून उठलो.
घरी पोहोचलो तर अर्पिता दारातच उभी. काय म्हणाले, तिनं विचारलं.
मी म्हणालो, त्यांच्या घराला कुलूप होतं.