बिरूतात्यांच्या वाट्याचे पाचवे नाणे

मी, वैष्णवी भिमा मदने, वय ३१, धातूंच्या प्रयोगशाळेत नोकरीस, राहणार बारामती, मूळ गाव लासुर्णे, ता. इंदापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. प्रकृती उत्तम आहे, बुद्धी शाबूत आहे. लग्न न केलेल्या पुतणीचे सगळे शेवटी चुलत्याकडेच येते, असे माझे थोरले चुलते बिरूतात्या गावात सांगत असतात. त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून आताच लिहिते.

१. बारामतीतील फ्लॅट आणि बँकेतील ठेवी माझी आई सारजा हिला.

२. भिंग, तराजू व पुस्तके तात्यांची मुलगी श्रेया हिला. ती रसायनशास्त्र शिकते. वडिलांना विचारून शिकत नाही, हे तिच्या बाजूने नोंदवते.

३. आजोबा म्हस्कू यांना मेंढरे बसवलेल्या रानात शिशाची पाच प्राचीन नाणी सापडली. ती देव्हाऱ्यात हळदीच्या भंडाऱ्यात ठेवलेली असत. दसऱ्याला घरातली सून ती धुई. एका दसऱ्याला आईने धुतल्यावर एक नाणे कमी भरले. तात्यांनी भावकीसमोर तिला चोर ठरवले. पुढच्या वर्षी पाचवे नाणे तात्यांच्याच हाती लागले. "देवानं परत दिलं," ते म्हणाले, "पर सारजाचा हात आता न्हाय लागायचा." तेव्हापासून माझी आई दसऱ्याला देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहते.

आजोबांनी मरण्यापूर्वी पाचही नाणी माझ्या स्वाधीन केली. मी ती तपासायला नेली तेव्हा तात्या हसले. "शिसं ते शिसं. त्याला काय आधार कार्ड हाय?"

आहे. प्रत्येक खाणीच्या शिशात समस्थानिकांचे, म्हणजे शिशाच्याच कमीजास्त वजनाच्या अणूंचे, प्रमाण वेगळे असते आणि वितळवले तरी ते बदलत नाही. आपल्या काळ्या कातळात शिशाची खाण नाही. चार नाण्यांचे प्रमाण एकमेकांशी जुळते आणि दूर उत्तरेकडच्या एका खाणपट्ट्याकडे बोट दाखवते. म्हणजे हे शिसे व्यापाऱ्यांबरोबर इकडे आले. "आपल्याच मातीतलं नाणं" हे गावातल्या सत्कारांत तात्या करतात ते भाषण यापुढे बंद करावे.

पाचव्याचे प्रमाण कोणत्याच एका खाणीचे नाही. ते ठिकठिकाणचे शिसे एकत्र वितळवलेले भंगार आहे आणि त्यात अँटिमनी धातू आहे, बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्यांत घालतात तेवढा. गोठ्यामागे ट्रॅक्टरची फोडलेली बॅटरी कित्येक वर्षे पडून होती. साचा उरलेल्या चारांपैकीच एका नाण्यावरून घेतला. त्या नाण्यावरच्या हत्तीच्या सोंडेला खाच आहे, तीच खाच पाचव्यालाही आहे. हे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. भावकीला पाहायचे नव्हते. खरे नाणे तात्यांनी कोणाला विकले, ते त्यांनीच सांगावे.

आईला मी हे सांगितले. ती म्हणाली, "म्या न्हाय घेतलं, ह्ये मला म्हायत हुतं. तेवढं पुरं." मला ते पुरत नाही.

४. म्हणून माझ्या पश्चात येणाऱ्या दसऱ्याला भावकीसमोर कलम ३ श्रेयाने मोठ्याने वाचावे. नंतर आईने देवघरात जाऊन चारही नाणी साध्या पाण्याने धुवावीत. चिंच, लिंबू, राख लावू नये, शिसे झिजते. त्यानंतर ती सरकारी पुरातत्त्व विभागाकडे द्यावीत.

५. पाचवे नाणे बिरूतात्यांना. ते त्यांनीच घडवले आहे.

साक्षीदार म्हणून सही करायला तात्या आपण होऊन आले होते. "घरचा माणूस असावा," म्हणाले. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. तात्यांना मी तेवढेच सांगितले. ते खूश होऊन गेले.

सही: वैष्णवी भिमा मदने
साक्षीदार: रेश्मा दिग्विजय काळे, बारामती
साक्षीदार: युवराज सावळाराम जगताप, पिंपळी
बारामती, दि. ९ सप्टेंबर २०२५