चिंचोक्यांची तीनपत्ती

मल्लेश्वरम, रवि. ५ जाने. १९५८

आज भर दुपारी माझ्या लिहायच्या टेबलाचं अपहरण झालं. बंगळूरची वार्तापत्रं वर्षानुवर्षं याच टेबलावरून पुण्याला जातात. दौत, टीपकागद, संस्कृत कोश, सगळं खिडकीत. टेबलावर जुनी चादर. कारण काय, तर घरात चौकोनी टेबल एवढंच. तीव्र निषेध नोंदवला. नोंद घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून इथे.

अपहरणकर्ता माधव, सौ.चा धाकटा भाऊ. इथे कारखान्यात नोकरी लागली, खोली मिळेपर्यंत मुक्काम आमच्याकडे. मुंबईहून येताना तीनपत्तीचं वेड घेऊन आलाय. चौथा गडी शेजारचे शामण्णा, निवृत्त स्टेशनमास्तर. पैसे लावायचे नाहीत ही माझी अट. सौ.नं लगेच चिंचोक्यांचा डबा काढला. इतक्या लगेच, की शंका आली.

म्हटलं, "शास्त्रात द्यूत वर्ज्य आहे."

माधव : "भावोजी, शास्त्रात चिंचोके नाहीत."

बुध. ८

नियम पाठ केले. प्रत्येकाला तीन पानं. तिन्ही सारखी आली तर सर्वश्रेष्ठ. मग ओळीनं आलेली. मग एका जातीची, म्हणजे सगळी बदाम वगैरे. मग जोडी. इथवर सूत्रबद्ध, मला शोभणारं.

पुढे शास्त्र बिघडतं. हातात काही नसलं तरी चिंचोके पुढे सारत राहायचं. समोरच्यांनी घाबरून पानं टाकली की डाव आपला. आपली पानं दाखवावीही लागत नाहीत! शेवटी दोघंच उरले आणि एकानं मागितलं, तरच उघडायची.

पाठशाळेत गुरुजींनी विचारलं की खरं सांगायचं, ही सवय हाडात. शामण्णांनी माझ्या पानांकडे बघत सहज विचारलं, "हेगिदे, रायरे?" कशी आहेत, रावसाहेब? मी म्हटलं, "फार वाईट आहेत." तिघांनी निर्धास्तपणे चिंचोके वाढवले.

माधवनं कपाळाला हात लावला. "भावोजी, ते तब्येत नव्हते विचारत!"

रवि. १२

एक्का, दुर्री, तिर्री आली. किरकोळ समजून टाकून दिली. शामण्णा "अय्यय्यो" म्हणून खुर्चीतून अर्धे उठले. ती ओळ होती म्हणे. एक्का दोन्ही टोकांना चालतो. असल्या अपवादाला निदान वार्तिक तरी हवं.

त्याहून मोठी नामुष्की पुढे. पान जरा बरं आलं की सगळे पानं टाकतात. कारण कळेना. शेवटी सौ.च म्हणाली, "अहो, चांगलं पान आलं की तुमचा जप सुरू होतो."

खरंच. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. मुंजीपासूनची सवय. म्हणजे आठवडाभर माझी पानं टेबलाभोवतीच्या सगळ्यांना दिसत होती, आणि कुणी बोललं नाही. माधव म्हणतो, अक्कानं, म्हणजे सौ.नं, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

आता दोन्ही हातांनी पानं धरतो. मूल धरल्यासारखी. हसतात.

मंगळ. १४, संक्रांत

एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, देऊन आलो. अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ दोनदा घेतली. तृप्त.

सौ. वाढता वाढता म्हणाली, काखेत एक गाठ हाताला लागते. कधीपासून? "असेल महिना-दीड महिना." डॉक्टरीणबाईंना कधी दाखवायचं? "हळदीकुंकवं आटपू देत. बायका येऊन परत जातील." आणि मला पुन्हा उसळ वाढली.

शेजारघरी पापड मागायचा असल्यासारखं सांगितलं. मीही खाल्ली.

रवि. १९

आजचा डाव लिहून ठेवण्यासारखा. शामण्णा आणि सौ. दोघंच उरलेले. मध्ये चिंचोक्यांचा ढीग. सौ.चा चेहरा देवाला फुलं वाहताना असतो तसा. पुन्हा एक मूठ पुढे सारली आणि विचारलं, "शामण्णा, कॉफी करू का?" शामण्णांनी पुष्कळ विचार केला, मान हलवली, पानं टाकली. "सरी, बरं. अक्कांच्या हातात राजे असणार."

पानं गोळा करताना मी तिची उलटून पाहिली. दुर्री, छक्की, नव्वी. एक धड नाही.

मी मंत्र्यांच्या चेहऱ्यावरून बातमी काढणारा माणूस. त्यावर पोट चालतं. आणि लग्नाला इतकी वर्षं झाली, सौ.ला असा चेहरा करता येतो हे मला आज कळलं. म्हटलं, "हे कुठे शिकलीस?"

"तुमच्या आई होत्या तेव्हा," म्हणाली, आणि कॉफी करायला गेली.

गुरु. २३

संशोधन. कारखान्यातून आलेला माधव, मी, सौ., तिघांचाच डाव. सौ. दोनदा "कॉफी करू का?" म्हणाली. दोन्ही वेळा मी नंतर पानं पाहिली. दोन्ही वेळा हातात काही नव्हतं! म्हणजे माझा जप तशी हिची कॉफी. कुणाला सांगितलं नाही. विद्या गुप्त ठेवलेली बरी.

हळदीकुंकवं अजून चालू. गाठीचं विचारलं. "आहे तिथेच आहे."

रवि. २६

प्रजासत्ताक दिन रविवारी आला, हक्काची सुट्टी बुडाली. निषेध, दुसरा.

डावात सौ. म्हणाली, "कॉफी करू का?" मी मनात हसलो. चिंचोके सारत राहिलो, जवळचे संपले तेव्हा माधवचे उसने घेतले. छाती काढून म्हटलं, "दाखव."

तीन राण्या.

"अहो, शामण्णा दोनदा खोकले. त्यांना खरंच हवी होती."

शामण्णा : "हौदु, हो, स्वल्प कॉफी..."

सिद्धांत कोसळला. कॉफी उत्तम झाली होती.

बुध. २९

सौ. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. मी येतो म्हटलं होतं. "तिथे बाकावर बसून काय करणार? बायकाच असतात." शामण्णांच्या पत्नी बरोबर गेल्या. मी घरी वार्तापत्र लिहायला बसलो. एकच वाक्य तीनदा खोडलं.

आली. चपला काढल्या, पदरानं मान पुसली.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. चरबीची असेल म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, एवढंच." आणि मग, "कॉफी करू का?"

चेहरा देवाला फुलं वाहताना असतो तसा.

करू नको म्हटलं. तरी केली.

शुक्र. ३१

शामण्णांना कुंपणाशी गाठून विचारलं, पत्नी घरी काही बोलल्या का. ते म्हणाले, आतल्या खोलीत अक्का एकट्याच गेल्या होत्या. त्यांच्या पत्नीला बाहेर बसवलं.

ही रोज त्रिकाळ कॉफी विचारते. त्यात काय एवढं. पण महिन्यापूर्वी मला एवढं तरी सुख होतं, की ती काही नाही म्हणाली की काही नसायचं.

रवि. २ फेब्रु.

माधवला खोली मिळाली, बुधवारी जाणार. म्हणून आज मोठा डाव. सौ.नं चिरोटे केले. माधवनं तिला पुष्कळ हसवलं. मलाही. दुपार छान गेली, हे लिहायलाच हवं.

शेवटच्या हातात मी आणि सौ. उरलो. मला दुर्री, पंजी, अठ्ठी. टाकायच्या लायकीची. पण लक्ष पानांत नव्हतं. तिच्या हाताकडे बघत होतो, ती डावा हात अंगाशी धरून बसते हल्ली, की मलाच वाटतं. सौ. माझ्या बोटांकडे बघून थांबली. अंगठा पेरांवर चालला होता.

"बघा, जप सुरू झाला," म्हणाली. "यांच्याकडे आज मोठं काहीतरी आहे." आणि पानं टाकली. मोठा ढीग मला. आयुष्यातला पहिला. माधवनं पाठ थोपटली. तिची पानं उलटून पाहिली नाहीत.

मोठ्या डॉक्टरांकडे गुरुवारी जायचंय. बरोबर येणारच म्हणून सांगितलं, बाकावर बसेन. "बरं," म्हणाली.

टेबल परत मिळालं. त्यावर लिहितोय. चादरीखाली एक चिंचोका राहिला होता.

गाठीची भीती आहेच. पण खरी काळजी वेगळी. डॉक्टरीणबाई तिला आणखी काही म्हणाल्या असतील, आणि मी घाबरेन म्हणून ती ते एकटीच धरून बसली असेल. आणि ती तसं करू शकते, हे आता मला माहीत आहे.